पाच गोळ्यांचा ग्रुप का फुटतो?

डिचोलीच्या एका 19 वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. कॉलेजात एनसीसीचं दुसरं वर्ष. पॉइंट टू-टू रायफलने 25 मीटरवर पाच गोळ्यांचा त्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा झुबका, सुरुवातीला तीन सेंटिमीटरांत यायचा. टीमच्या निवडीच्या दिवशी तोच नऊ सेंटिमीटरांवर गेला आणि यादीतून नाव गळलं. पुढे सैन्यात जाऊन स्नायपर व्हायचं मनात आहे. सरावासाठी पंचवीस हजारांची एअर रायफल आणि तिच्यावर दुर्बीण घ्यावी का, आणि श्वास जास्त वेळ रोखून धरायला कसं शिकायचं, असं त्याने विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: "सगळं नेहमीसारखंच केलं होतं, काय चुकलं तेच कळलं नाही."

बाबू, वयाने तू माझ्या धाकट्यापेक्षा लहान, तेव्हा एकेरीतच लिहितो. मी इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं बटालियनमध्ये स्नायपर होतो, नंतर स्नायपरांचा उस्ताद. आता पेडण्याला घरी असतो, थोडी काजूची बाग आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस म्हापशाला जाऊन मुलांना 10 मीटर एअर रायफल शिकवतो. फौजेत काय आणि इथे काय, मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य तुझं ते शेवटचं वाक्य आहे. तुझी अडचण तिथे आहे. रायफल आणि श्वासाचं नंतर बघू.

नेमबाजाला गोळी सुटली त्याच क्षणी, टार्गेटकडे न बघता सांगता आलं पाहिजे: ही चांगली गेली, ही खाली गेली, ही तीन वाजता, म्हणजे उजवीकडे, ओढली गेली. याला शॉट कॉल करणं म्हणतात. तीन सेंटिमीटरांचा ग्रुप आला त्या दिवशीही तुला ते जमत नव्हतं, यावर मी पैज लावायला तयार आहे. पाचही भोकं जवळजवळ पडली, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि कोणी विचारलं नाही की तिसरी गोळी जराशी वर का आहे. तेव्हा विचारलं असतं तर निवडीच्या दिवशी तू गोंधळला नसतास.

आता ज्यात तुझा हात नाही ते आधी बाजूला काढतो. तुझं टार्गेट मी पाहिलेलं नाही. युनिटच्या रायफली शेकडो पोरांच्या हातांतून गेलेल्या असतात. त्या दिवशी तुला दुसरीच मिळाली असेल, काडतुसांचा लॉटही वेगळा असेल. टू-टूची नळी काडतुसांच्या बाबतीत भारी नखरेल असते, एका लॉटवर खूश, दुसऱ्यावर रुसलेली. यामुळे तीनाचे चार होतील, पाचही होतील. शिवाय अख्खा ग्रुप मधोमध न बसता एका कोपऱ्यात जाऊ शकतो, पण तो साइटचा, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांचा, विषय. ग्रुपिंगमध्ये मोजतात ते भोकांमधलं अंतर, ग्रुप कुठे बसला ते नाही. मात्र तीनाचे नऊ रायफल सहसा करत नाही. तिथे माणूसच लागतो.

फौजेतला पहिला धडा तीन कलमांचा: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर. तुमच्याकडूनही उस्तादांनी हेच घोकून घेतलं असेल. फौजेच्या हिंदीत 'शिस्त' म्हणजे नेम. बेळगावला मराठा सेंटरमध्ये पहिल्या आठवड्यात उस्ताद माझ्यावर ओरडला, "शिस्त ठीक करो," तेव्हा मी घाईघाईने शर्टाची बटणं तपासली होती.

पकड मजबूत म्हणजे मूठ आवळलेली, असं पोरांना वाटतं. आवळलेली मूठ थरथरते. रायफलचं वजन हाडांवर पडलं पाहिजे; डावं कोपर जवळजवळ रायफलच्या खाली, पुढचा हात खुंटीसारखा, ओढ दंडात अडकवलेल्या रायफलच्या पट्ट्यावर, आणि बाकीचं अंग झोपलेल्या माणसासारखं सैल. ते जमलंय की नाही याची परीक्षा फुकट आहे. लेटून पोझिशन घे, शिस्त लाव, मग डोळे मीट. दोनतीनदा श्वास घे-सोड. डोळे उघड आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, कुठे गेली ते बघ. ती टार्गेटच्या डावीकडे सरकली असेल तर तुझं शरीर तिकडेच रोखलेलं आहे. तू काय करतोस? हाताने ओढून तिला परत मधे आणतोस. मग चाप सुटायच्या क्षणी हात सैल पडतो आणि शरीर रायफल आपल्या जागी घेऊन जातं. हात हलवायचा नाही. डावं कोपर जमिनीत रोवलेलं ठेवून कंबर सरकवायची, मग परत डोळे मिटायचे. मी फौजेतल्या शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या गोळीच्या आधी डोळे मिटत होतो.

निवडीच्या दिवशी तू मिटले होतेस? मला नाही वाटत. एरवी खाली सतरंजी असते, त्या दिवशी ताडपत्री असेल. जमीन थोडी उतरती असेल. शेजारच्या लेनवर धडाधड फायर सुरू झालं आणि तूही लोड केलंस. "नेहमीसारखंच" केलंस, पण जमीन नेहमीची नव्हती.

शिस्तीचं गणित एकदा कागदावर मांडून बघ, आयुष्यभर लक्षात राहील. पुढची माशी आणि मागची साइट यांत समज 60 सेंटिमीटर अंतर आहे. दोन्ही एका रेषेत यायला एक मिलिमीटर जरी कमी पडला, तरी 25 मीटरवर गोळी चार सेंटिमीटर बाजूला जाते. उलट, माशी आणि साइट बरोबर जुळलेली आहेत, पण अख्खी रायफलच डुलतेय आणि नेम टार्गेटवर पाच मिलिमीटर इकडेतिकडे फिरतोय, तर चूकही पाच मिलिमीटरचीच. पहिली चूक डोळ्याला दिसत नाही आणि गोळी कुठल्या कुठे नेते. दुसरी सतत दिसते, घाबरवते, आणि तिच्याने फारसं काही बिघडत नाही. म्हणून नजर माशीवर ठेवायची, टार्गेट धूसर झालं तर होऊ दे. पण निवडीच्या दिवशी गुण टार्गेटवर लिहिलेले असतात ना! डोळा आपोआप तिकडे पळतो.

दुर्बिणीचं उत्तर इथेच देऊन टाकतो. दुर्बीण ही जुळवाजुळव पुष्कळशी वाचवते, म्हणून नवशिक्याला ती गोड लागते. पण जे तुला शिकायचं आहे तेच ती तुझ्याकडून करून घेत नाही. वर तुझी थरथर चौपट, नऊपट मोठी करून दाखवते. नेमाची खूण मधून जाताना दिसली की पोरगं चाप झटकतं. तेव्हा सध्या दुर्बीण नको.

चाप कसा ओढायचा हे शब्दांत सांगणं अवघड आहे. बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, हळूहळू वाढत्या दाबाने. गोळी कधी सुटली याचं तुला स्वतःला किंचित आश्चर्य वाटलं पाहिजे. याची परीक्षा उस्ताद घेतो, रेंजवरच. तुझ्या नकळत एखाद्या गोळीच्या जागी तो चेंबरात उडालेली पुंगळी घालतो. तू चाप ओढतोस, आवाज होत नाही, आणि नळीचं तोंड मात्र ठसका लागल्यासारखं खाली जातं. तो ठसका तू प्रत्येक गोळीला देत होतास, आवाजात लपून जात होता एवढंच. दुसरा जुना प्रकार नाण्याचा: नळीवर माशीच्या मागे रुपया ठेवून चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. पण नाण्याच्या नादात टू-टूची रायफल रिकाम्या चेंबरवर उडवू नकोस. पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि दोन्ही खराब होतात. स्प्रिंगची एअर रायफलही छर्ऱ्याशिवाय उडवायची नसते, आत दट्ट्या आपटतो. दुकानदार हे सांगत नाहीत.

आता तुझ्या टार्गेटकडे. तो कागद अजून असेल तर काढ. फेकला असशील तर वाईट केलंस. माझ्याकडे पोरांचे सहा-सहा वर्षांपूर्वीचे कागद आहेत. भोकं कशी पडली आहेत ते बघ. उभ्या रेघेत वर-खाली असतील तर श्वास चालू असताना चाप सुटतोय. आडवी पसरली असतील तर शरीर टार्गेटवर रोखलेलं नव्हतं, हाताने ओढाताण चालली होती. चार एकत्र आणि एक खाली उजवीकडे असेल आणि तू उजव्या हाताचा असशील, तर ती एक बहुधा झटक्याची. दोन आणि तीन असे दोन वेगळे झुबके पडले असतील, तर मधे काहीतरी हललं: कोपर उचललं, किंवा गाल कुंद्यावर, म्हणजे रायफलच्या मागच्या दांड्यावर, वेगळ्या जागी टेकला. नुसता सडा पडला असेल, कशालाच आकार नसेल, तर नजर माशीवर नव्हती. हे सगळं 'बहुधा' आहे हे ध्यानात ठेव. पाच भोकांवरून निदान करणं म्हणजे फोनवरून ताप मोजण्यासारखं. असे तीनचार कागद शेजारी ठेवले की मग खात्री वाटायला लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगी होती, दहावीतली. तिचे ग्रुप सकाळी एक झुबका, दुपारी दोन झुबके. आम्ही श्वास तपासला, चाप तपासला, काही सापडेना. शेवटी मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि नुसता तिचा गाल बघत राहिलो. हॉलमध्ये दमट उकाडा. सातआठ गोळ्यांनंतर ती खांद्याने घाम पुसायची, आणि मग गाल कुंद्यावर अर्धा बोट पुढे टेकायची. तेवढंच. कुंद्यावर गालाच्या जागी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावला. आता गाल टेकला की तिला पट्टीची कड लागते, नाही लागली तर ती उठते. रायफल पंचवीस हजारांची असो की तीन लाखांची, हा इलाज दहा रुपयांचा.

श्वास रोखायचा नसतो. श्वास सोडल्यावर पुढचा आत येण्याआधी शरीर आपोआप थोडं थांबतं. ती थांबण जराशी लांबवायची, पाच ते आठ सेकंद. त्याच्या पुढे गेलास की आधी नजर जाते. माशीची कड मऊ होते, आणि ते तुझ्या लक्षातही येत नाही, कारण तेव्हा तू "आता सुटू दे" म्हणून घाईला आलेला असतोस. त्या खिडकीत चाप सुटला नाही तर बोट काढायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. हे 'बोट काढणं' पोरांना फार जड जातं, हरल्यासारखं वाटतं. 10 मीटर एअर रायफलच्या सामन्यात 60 गोळ्यांना 75 मिनिटं असतात, म्हणजे गोळीला सव्वा मिनिट. तिथल्या दहाच्या गुणाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. चांगले खेळाडू त्या सव्वा मिनिटात दोनदोनदा रायफल खाली घेतात. पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, लेटून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला, कांबळवाडीचा. त्याच्या फायनलचं चित्रीकरण बघ, पण गुण बघू नकोस. गोळी न मारता तो किती वेळ काढतो ते बघ.

आणि लेटून फायर करताना माशी टिक टिक उड्या मारते, ती थरथर नव्हे, नाडी आहे. पट्टा दंडाच्या आतल्या बाजूला धमनीवर करकचून बसला की ती वाढते. पट्टा थोडा वर आणि बाहेरच्या बाजूला घे. सकाळी दोन कप कॉफी ढोसून फायरला येऊ नकोस.

एअर रायफलचं म्हणशील तर ती वाईट कल्पना नाही. गोळीचा खर्च कमी, आवाज कमी, आणि छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, त्यामुळे सुटल्यानंतर पकड सैल केलीस तर लगेच चुगली करते. पण आधी जवळपास कुठे रेंज आहे, तिथे तासावर रायफल मिळते का बघ. सहा महिने तिथे घालव. घ्यायचीच झाली तर 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलच्या आत शक्ती असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याच्यापुढची असली तर लागतो, मग दुकानदार काही म्हणो. घरामागे लक्ष्य लावायचं असेल तर एक गोष्ट कान देऊन ऐक: आपल्याकडे मागे आधार म्हणून चिऱ्यांची भिंत हाताशी असते. चिऱ्यावर छर्रा लागला की उलटा येतो. मागे वाळूने भरलेली पेटी ठेव, पुढे जुन्या जाड गोधड्या टांग, डोळ्याला चष्मा लाव. छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नकोस. पाखरांवर, खारींवर रोखायची नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि तो नसता तरी माझ्याकडे अशा पोराला दुसऱ्या दिवशी जागा नसती. पावसाळ्यात रायफल फोमच्या पिशवीत ठेवू नकोस, फोम ओल धरतो. हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या फडक्याने पुसायची. आपला घाम आणि समुद्राची हवा मिळून एका रात्रीत तांबेरा आणतात.

आता स्नायपर. या वाटेबद्दल पोरांच्या डोक्यात जे आहे ते बरंचसं मोबाइलच्या गेममधून आलेलं असतं. 'स्नायपर' म्हणून भरती होत नाही. तू अग्निवीर म्हणून जाशील. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ, सेवा चार वर्षांची, पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतात. गोवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतो. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलेस तर धावण्याचे पूर्ण गुण, आणि एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटला बोनस गुण आहेत. तेव्हा ते सर्टिफिकेट अर्धवट सोडू नकोस. नंतर इन्फंट्री मिळाली, बटालियनमध्ये फायरिंगला नाव झालं, आणि सीनिअरांनी बघितलं की हा पोरगा चिडत नाही, कंटाळत नाही, खोटं बोलत नाही, तर तुझं नाव पुढे जातं. मग युनिटमधलं प्रशिक्षण, मग महूच्या इन्फंट्री स्कूलचा कोर्स. चार वर्षांत हे सगळं बसेल का ते युनिटवर, जागांवर आणि नशिबावर आहे. मी वचन देऊ शकत नाही. सीमा सुरक्षा दलाचा वेगळा कोर्स इंदूरला असतो. 2024 मध्ये तिथून सुमन कुमारी ही दलाची पहिली महिला स्नायपर झाली. आठ आठवड्यांच्या त्या कोर्सला सगळ्या पुरुषांत ती एकटी. माझ्याकडच्या मुली विचारतात म्हणून सांगितलं.

सैन्याची वाट नसेल तर खेळाची आहेच. नेमबाजीच्या मावळणकर स्पर्धेचं नाव तू कॅम्पात ऐकलं असशील. ते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर, देशाच्या रायफल संघटनेचे 1951 मधले संस्थापक. तिथून राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडतं.

माझ्या वेळी हातात द्रागुनोव असायची. रशियन बनावट, 7.62 मिलिमीटर, दहा गोळ्यांचं मॅगझिन, चारपट दिसणारी दुर्बीण, आणि पल्ला 800 मीटर धरायचा. आता फिनलंडची साको आली आहे, .338 लापुआ मॅग्नमची, ती दीड किलोमीटरचं काम करते. एक हिशोब कर. तुझा नऊ सेंटिमीटरांचा ग्रुप 25 मीटरवरचा आहे. तोच कोन 800 मीटरवर नेला तर गोळ्या 2 मीटर 88 सेंटिमीटरांत पसरतील. तुला ज्याचा अभिमान आहे त्या तीन सेंटिमीटरांचेही 96 सेंटिमीटर होतात. आणि यात अजून वारा आलेला नाही, तापलेल्या जमिनीवरची वाफ आलेली नाही. तरीही सांगतो, फायर हा त्या कामाचा लहान भाग. स्नायपर दोघे असतात, एक फायर करणारा आणि एक बघणारा, आणि दिवसाचे चौदा तास दोघेही बघणारेच असतात.

'स्नायपर' हा शब्दसुद्धा आपल्याच मातीतला म्हणायला हरकत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइप नावाच्या पाखराच्या शिकारीला जात, त्यांच्या पत्रांतून तो रुळला. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. हिवाळ्यात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) चिखलात बसलेला असतो. चार पावलांवर असला तरी दिसत नाही, आणि उडाला की नागमोडी जातो. करमळीच्या तळ्याकडे एक सकाळ बांधावर बस आणि उडण्याआधी एक तरी पाणलावा शोधून दाखव. तुझं पहिलं स्नायपर ट्रेनिंग तिथे फुकट होईल.

कोर्सच्या वेळी आम्हाला एका उतारासमोर बसवलं होतं. चाळीस मिनिटं, दुर्बीण, कागद, पेन्सिल. उतारावर दहा वस्तू ठेवलेल्या. मी मन लावून दूरचा कडा विंचरला, झुडपं विंचरली, सहा मिळाल्या. सातवी होती दात घासायचा ब्रश, माझ्यापासून वीस पावलांवर, गवतात उभा खोचलेला. दूरचं बघायला आलोय म्हणून मी पायापाशी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून जवळून सुरू करून पट्ट्यापट्ट्याने दूर जातो, दर पट्टा डावीकडून उजवीकडे आणि परत. तुमच्या फिल्डक्राफ्टच्या तासाला शिकवतात ना, वस्तू का दिसतात: आकार, सावली, कडा, चमक, सारखं अंतर, हालचाल. ते परीक्षेपुरतं पाठ करू नकोस. तुमच्याकडे घराबाहेर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे. तिथे उभं राहून एखाद्या झाडाचं अंतर आधी मनात ठरव, लिही, मग पावलं मोजत जा. दुपारी उन्हात आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी असताना तेच झाड वेगळ्या अंतरावर वाटतं ते तुला कळेल. आणि चवथीला घरच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, एक मिनिट उभा राहा, मग दुसऱ्या खोलीत जाऊन आठवणीने यादी कर: नारळ किती, सुपारीचे घोस किती, तोरिंजन कुठल्या कोपऱ्यात, कवंडळ लाल की अजून हिरवं. आमच्याकडे दरवर्षी नातवंडांची ही स्पर्धा असते आणि मी दरवर्षी हरतो.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: डोळे मिटून शरीराची परीक्षा, नजर माशीवर, सुटल्याचं आश्चर्य वाटेल असा चाप, आणि पाचआठ सेकंदांत न जमलं तर बोट काढणं. यातलं एकही वहीशिवाय टिकत नाही.

वहीबद्दल माझीच एक गोष्ट आहे. कोर्सला प्रत्येक गोळीची नोंद ठेवावी लागे: वेळ, उजेड, वारा, लॉट, कॉल काय दिला, प्रत्यक्षात कुठे लागली. मी तेव्हा नाईक होतो, फायर चांगला होता, डोक्यात हवाही होती. एका दुपारी कॉल आणि भोक जुळेनात. मी काय केलं, आधी स्पॉटिंग स्कोपमधून भोक बघितलं आणि मग कॉलच्या रकान्यात तेच लिहिलं. संध्याकाळी उस्तादाने वही चाळली. म्हणाला, "सब मिल रहा है, नाईक साहब। इतना तो भगवान का भी नहीं मिलता।" पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी एक जोडीदार बसवला. गोळी सुटली की मी कॉल तोंडाने द्यायचा आणि त्याने लिहायचा. दहापैकी तीन जुळले. ती तीनची पाटी मला पुसता आली नाही, आणि कोर्स संपेपर्यंत आठांच्या वर गेलो नाही.

तेव्हा पुढच्या फायरला जाशील तेव्हा चाळीस पानी वही घेऊन जा. रेंजच्या सुरक्षेचे हुकूम पाळून, एकेक गोळी. मित्राला शेजारी बसव, कॉल त्याला सांग, त्यालाच लिहू दे, टार्गेट पाचही झाल्यावरच बघ. आकडा पाचातून एक आला तरी चालेल, माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचा तेवढाच येतो. त्या पानाचा फोटो आणि टार्गेटचा फोटो असे दोन्ही पाठव, खाडाखोड असेल तर तीसुद्धा तशीच ठेवून. पंचवीस हजारांचं काय करायचं ते तो कागद बघून सांगतो.